थेंबे थेंबे शाई साचे

शाईचा आणि काटकसरीचा संबंध आमच्या पिढीला नव्याने सांगावा लागत नाही. शाळेत असताना दर रविवारी सकाळी पेन उघडायचे, निब आणि जीभ कोमट पाण्यात धुवायची, आणि ड्रॉपरने दौतीतील शाई थेंब थेंब पेनात भरायची, हा आमचा नित्यक्रम असे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ज्या उद्योगाचा आरंभ केला आणि जो पुढे 'कॅम्लिन' या नावाने घराघरांत पोहोचला, त्याची सुरुवातही 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि वड्या यांपासूनच झाली होती. वडी पाण्यात विरघळवली की दौत भरली! पेनातील शाई संपली म्हणून कोणी पेन फेकून दिल्याचे मला आठवत नाही.

मग संगणकाच्या प्रिंटरमधील शाई संपली की तिचे सबंध पात्रच, म्हणजे कार्ट्रिजच, कचऱ्यात टाकण्याची सवय आपल्याला कधी जडली? हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे शिकलो ते, हातून झालेल्या चुकांसह, वाचकांपुढे ठेवीत आहे.

एका शिकवणीचा हिशेब

बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर मी इंदूरला रामबागेत राहू लागलो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक ताई राहतात. यजमानांच्या अकाली निधनानंतर त्यांनी घरीच शिकवणी सुरू केली. पाचवी ते आठवीची चोवीस मुले आणि प्रत्येकी तीनशे रुपये मासिक शुल्क. मुले बहुतांशी हातावर पोट असलेल्या घरांतील. या शिकवणीचे वैशिष्ट्य म्हणजे ताई प्रत्येक मुलाचा कच्चा भाग हेरून त्याच्यापुरती वेगळी सरावपत्रिका तयार करीत. एका मुलाचे अपूर्णांक कच्चे, दुसऱ्याचे इंग्रजी शब्दलेखन. दोन मुलांची पाने सारखी नसत, त्यामुळे एक प्रत छापून तिच्या झेरॉक्स काढण्याची सोय नव्हती. दर मुलामागे महिन्याला दहा पाने, म्हणजे एकूण २४० पाने घरच्या प्रिंटरवर छापली जात.

एके संध्याकाळी ताई खर्चाची वही घेऊन आमच्याकडे आल्या. "काका, तुम्ही बँकेत होतात. जरा पाहता का, पैसे जातात तरी कुठे?"

मी आकडे मांडले. महिन्याची मिळकत ७,२०० रुपये. काळ्या शाईचे कार्ट्रिज त्यांना ८५० रुपयांना पडे आणि त्यावर सुमारे १६० पाने निघत. म्हणजे महिन्याला दीड कार्ट्रिज, १,२७५ रुपये. मिळकतीच्या सहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम निव्वळ शाईत विरघळत होती! एका पानाला पाच रुपये तीस पैसे, आणि कागद वेगळाच.

"मग पत्रिका बंद कराव्या लागतील," ताई म्हणाल्या. शुल्क वाढवावे असे मी सुचवताच त्यांनी मान हलवली. "पन्नास रुपये वाढवले, तर चार-पाच मुले यायची थांबतील. आणि काका, थांबतील ती नेमकी तीच, ज्यांना या पत्रिकांची गरज आहे."

त्या रात्री मला झोप आली नाही. आयुष्यभर इतरांच्या ताळेबंदावर नजर फिरवलेल्या माणसाला शेजारच्या घरचा एवढा साधा तोटा भरून काढता येऊ नये, याची खंत वाटत राहिली.

प्रिंटर स्वस्त, शाई महाग

घरगुती वापराचा शाईचा प्रिंटर तीन-चार हजारांत मिळतो. मात्र त्याची काळी व रंगीत कार्ट्रिज चार-पाच वेळा विकत घेतली की प्रिंटरची किंमत मागे पडते. दाढीचे यंत्र स्वस्तात द्यावे आणि पात्यांवर नफा मिळवावा, असा हा व्यापाराचा जुना प्रकार आहे. तो बेकायदा नाही. संशोधनाचा खर्च उत्पादकाला कोठून तरी वसूल करावा लागतोच. परंतु ग्राहकाने खरेदीच्या वेळी प्रिंटरच्या किमतीबरोबर शाईचीही किंमत विचारली पाहिजे, हा बोध त्यातून अवश्य घ्यावा. एका कार्ट्रिजवर किती पाने निघतात हे मोजण्याची 'आयएसओ २४७११' ही आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ पासून अस्तित्वात आहे. किमतीला त्या पानांच्या संख्येने भागले की दर पानाचा खर्च कळतो.

आपण विकत घेतलेले कार्ट्रिज पुन्हा भरण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, याविषयी जगभर वाद झडले आहेत. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजसंबंधीच्या खटल्यात असा निर्णय दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. ती पुन्हा भरून विकणाऱ्यावर पेटंटच्या आधारे दावा लावता येत नाही. दुसरीकडे, सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी इतर उत्पादकांची कार्ट्रिज एकाएकी नाकारण्यास सुरुवात केली होती. अशा निर्बंधांची माहिती ग्राहकांना पुरेशी दिली नाही म्हणून डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्या कंपनीस एक कोटी युरो दंड ठोठावला. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आहे. तात्पर्य, आपल्या मालकीच्या वस्तूचा पुन्हा वापर करणे हा चोरटा व्यवहार नव्हे.

पात्राच्या आत काय असते?

कोणत्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याचे तत्त्व समजून घ्यावे. कॅनन कंपनीतील एका संशोधकाच्या हातून १९७७ साली तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. या योगायोगातून 'बबल जेट' तंत्राचा जन्म झाला. या प्रकारात सूक्ष्म तापक क्षणार्धात तापतो, शाईचा बुडबुडा तयार होतो आणि तो समोरच्या छिद्रातून एक थेंब कागदावर फेकतो. हा थेंब केवळ काही पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा लाख कोटीवा भाग! एप्सनचे तंत्र निराळे आहे. तेथे उष्णतेऐवजी विजेने आकार बदलणारा स्फटिकसदृश भाग शाई ढकलतो, आणि छपाईचे शीर्ष कार्ट्रिजवर नसून प्रिंटरमध्येच कायमचे बसवलेले असते.

ताईंच्या प्रिंटरसारख्या अनेक घरगुती यंत्रांत मात्र हे शीर्ष कार्ट्रिजच्याच तळाशी असते. म्हणूनच ते महाग असते, आणि म्हणूनच ते पुन्हा भरणे किफायतशीर ठरते. शाई संपली तरी शीर्ष चांगले असते. परंतु येथेच एक धोकाही आहे. शाई हीच तापकाला थंड ठेवते. शाई पूर्ण संपल्यावरही छपाई रेटली, तर तापक जळतो आणि मग कितीही शाई भरली तरी उपयोग नाही.

कार्ट्रिजच्या पोटात स्पंज असतो. स्पंज शाई धरून ठेवतो, म्हणून ती आपोआप गळत नाही. वरच्या झाकणावर बारीक छिद्र वा नागमोडी खाच असते. शाई जसजशी खर्च होते तसतशी तेथून हवा आत येते. ही हवेची वाट बंद झाली तर शाई खाली उतरत नाही. ही दोन तत्त्वे ध्यानी धरली की निम्मे काम झाले.

पहिला प्रयोग फसला

मी ती तत्त्वे समजून घेतली, पण प्रयोग झाल्यानंतर! शंभर मिलिलिटरची शाईची बाटली दोनशे रुपयांना आणली, औषधाच्या दुकानातून सिरिंज घेतली आणि उत्साहाच्या भरात दहा मिलिलिटर शाई एका दमात कार्ट्रिजमध्ये ढकलली. वरून चिकटपट्टी लावून सारी छिद्रे घट्ट बंद केली आणि कार्ट्रिज प्रिंटरमध्ये बसवले. स्पंजला न पेललेली शाई तळातून गळू लागली, तांब्याच्या संपर्कपट्ट्यांवर पसरली, आणि प्रिंटरने कार्ट्रिज ओळखण्यास साफ नकार दिला. तो दिवस अर्धवार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवसाचा होता.

ताईंनी एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या रात्री त्यांनी कार्बन पेपर लावून प्रत्येक मुलाची पत्रिका हाताने लिहिली. आमच्या खिडकीतून त्यांच्या खोलीतील दिवा दिसत होता. तो बाराच्या पुढे केव्हातरी मालवला. दुसऱ्या दिवशी नव्या कार्ट्रिजचे पैसे देण्यासाठी मी खाली गेलो, तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाल्या, "काका, पेन गळले म्हणून आपण लिहायचे सोडतो का?"

त्यानंतर संगणक दुरुस्तीच्या दुकानातील एका तरुण कारागिराजवळ मी दोन दुपारी विद्यार्थ्याप्रमाणे बसलो आणि रीतसर शिकून आलो. माझ्या नातवाच्या वयाच्या त्या मुलाने मला पहिलेच वाक्य सांगितले: "अंकल, घाई करायची नाही."

भरण्याची रीत

आता तो क्रम सांगतो. तो शीर्ष असलेल्या, स्पंजच्या कार्ट्रिजना लागू आहे.

पहिली गोष्ट शाईची निवड. शाई दोन प्रकारची असते. रंगद्रव्य पूर्ण विरघळलेली 'डाय' शाई आणि रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेली 'पिगमेंट' शाई. पिगमेंट पाण्याने सहसा पसरत नाही, डाय पसरते. अनेक काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट तर रंगीत कार्ट्रिजमध्ये डाय असते. दोन्हींची सरमिसळ झाली तर शीर्षाची छिद्रे तुंबतात. म्हणून आपल्या कार्ट्रिजच्या क्रमांकाला चालणारी शाईच मागून घ्यावी. 'सगळ्याला चालते' असे सांगून दिलेली बाटली घेऊ नये.

दुसरी गोष्ट वेळेची. छापलेल्या अक्षरांत फिकट रेषा दिसू लागताच कार्ट्रिज बाहेर काढावे. टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, हातमोजे घालावेत. वरचे लेबल हळुवार उचलावे, म्हणजे छिद्रे दिसतील. काही कार्ट्रिजना अनेक छिद्रे असतात, पण काळ्या शाईसाठी त्यांतील एकच भरण्याचे असते; बहुधा मधले. सुई स्पंजमध्ये उतरवावी आणि शाई अगदी सावकाश सोडावी. पाच-सहा मिलिलिटरला चार-पाच मिनिटे लागली तरी चालतील. छिद्रापाशी शाई वर आलेली दिसताच थांबावे आणि थोडी परत ओढून घ्यावी.

रंगीत कार्ट्रिजमध्ये निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या शाईचे तीन कप्पे असतात. त्यांची जागा प्रत्येक नमुन्यात वेगळी असू शकते. म्हणून प्रत्येक छिद्रात स्वच्छ टूथपिक घालून आधी रंग पाहावा आणि प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिरिंज वापरावी. येथे चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. लेबल परत लावताना हवेची वाट मोकळी ठेवावी. डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ टिश्यू पेपरवर शीर्ष अलगद टेकवावे, घासू नये. सलग काळा पट्टा उमटला की शाई उतरली असे समजावे. तांब्याच्या पट्ट्या त्याच पाण्याने ओलसर केलेल्या, सूत न सुटणाऱ्या फडक्याने पुसाव्यात. दहा मिनिटे कार्ट्रिज टिश्यूवर ठेवून गळत नाही याची खात्री करावी, आणि मगच ते प्रिंटरमध्ये बसवून सफाईचा आदेश एकदाच द्यावा. वारंवार सफाई केल्यास भरलेली शाई त्यातच खर्ची पडते.

यानंतरही पडद्यावर 'शाई संपली' अशी सूचना येत राहील. घाबरू नये. पुष्कळ प्रिंटर प्रत्यक्ष शाई न मोजता, किती थेंब उडवले याचा हिशेब ठेवतात. आपण भरलेली शाई त्यांच्या खातेवहीत जमा झालेली नसते! कॅननच्या काही यंत्रांत थांबवण्याची कळ पाच सेकंद दाबून धरली की ही नोंद बंद होते. इतरांत सूचना बाजूस सारून छपाई चालू ठेवता येते. मात्र काही कार्ट्रिजवरील चिप पुन्हा भरणे चालूच देत नाही. तेथे हट्ट करू नये. आणि आठवड्यातून एक तरी पान अवश्य छापावे. न वापरलेली शाई छिद्रांत सुकते.

बचतीचा ताळेबंद

ताईंच्या प्रिंटरचा एक वर्षाचा हिशेब मी ठेवला आहे. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत सांडलवंड धरून चौदा वेळा भरणे होते, म्हणजे एका वेळेस सुमारे १५ रुपये. एक कार्ट्रिज सरासरी पाच वेळा भरता आले. त्यानंतर अक्षरे तुटू लागली. ८५० रुपयांचे कार्ट्रिज आणि भरण्याचे ७५ रुपये मिळून ९२५ रुपये झाले, आणि त्यात ९६० पाने छापली गेली. दर पानास सुमारे ९६ पैसे. महिन्याचा खर्च १,२७५ रुपयांवरून २३० रुपयांच्या आसपास आला. म्हणजे दरमहा हजार रुपयांहून अधिक बचत.

परंतु हाती राहिलेला पैसा वेगळा काढला नाही, तर तो शाईसारखाच नकळत पसरून जातो. हा माझा बँकेतील अनुभव. म्हणून मी ताईंना दरमहा नऊशे रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडावयास सांगितले. वरचे शंभर-सव्वाशे रुपये एखादे कार्ट्रिज बिघडले तर असावेत म्हणून हाताशी ठेवले.

या वाटेने कोणी जाऊ नये?

एकाच बाजूचा हिशेब मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. महिन्याकाठी दहा-वीस पाने छापणाऱ्याने या खटाटोपात पडू नये. दुकानातून छापून आणणे त्याला स्वस्त पडेल. एकाच पानाच्या अनेक प्रती हव्या असतील तर झेरॉक्स बरी. प्रिंटर हमीच्या मुदतीत असेल तर हमीपत्रातील अटी आधी वाचाव्यात. गळलेल्या शाईमुळे झालेले नुकसान भरून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्यांचे छपाईचे शीर्ष प्रिंटरमध्येच बसवलेले आहे, त्यांनी अधिक सावध राहावे. चुकीच्या शाईने तेथे कार्ट्रिज नव्हे, सबंध प्रिंटर निकामी होतो. जपून ठेवावयाची कागदपत्रे डाय शाईत छापू नयेत. धनादेशावरील मजकूर तर कायम टिकणाऱ्या शाईच्या लेखणीनेच लिहावा.

निकामी झालेली कार्ट्रिज घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. २०११ साली अधिसूचित झालेल्या ई-कचरा नियमांतच प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश होता. ती अधिकृत संकलन केंद्रात द्यावीत. पाच वेळा भरलेल्या एका कार्ट्रिजमुळे पाच कार्ट्रिजचा कचरा टळतो, हाही या बचतीचा एक भागच मानावा.

पुढची पायरी

वर्षभराने ताईंची आवर्ती ठेव पूर्ण झाली. व्याजासह अकरा हजारांच्या वर रक्कम हाती आली. त्यात थोडी भर घालून त्यांनी टाकी असलेला प्रिंटर घेतला. एप्सनने अशा मोठ्या टाकीचे प्रिंटर प्रथम २०१० साली इंडोनेशियात आणले. पुढे इतर कंपन्यांनीही तो मार्ग धरला. यात शाई उत्पादकाच्याच बाटलीतून थेट टाकीत ओततात. सुई नाही, स्पंज नाही, चोरून केल्याची भावना नाही. आरंभी किंमत अधिक द्यावी लागते, पण दर पानाचा खर्च पैशांत मोजण्याइतका राहतो. दरमहा शे-दोनशे पाने छापणाऱ्याने नवा प्रिंटर घेताना हाच पर्याय प्रथम पाहावा, असे मी निःसंकोच सांगेन. परंतु एकरकमी बारा हजार ज्याच्याजवळ नाहीत, त्याला तेथपर्यंत पोहोचण्यासाठी एक पूल लागतो. ताईंना तो पूल एका सिरिंजने आणि दोनशे रुपयांच्या बाटलीने बांधून दिला.

शिकवणीत आज एकतीस मुले आहेत. शुल्क तीनशेच आहे आणि प्रत्येकाची पत्रिका अजूनही वेगळीच असते. परवा खाली गेलो, तेव्हा आठवीतील एक मुलगी टाकीत शाई ओतत होती. बाटली तिरपी धरून, अगदी सावकाश, एक थेंबही बाहेर न सांडता. ताई माझ्याकडे पाहून हसल्या. मला आमची रविवारची सकाळ आठवली, दौत आणि ड्रॉपर आठवला. साधने बदलली, तरी शाई जपून भरण्याची शिकवण एका पिढीकडून दुसरीकडे पोहोचली होती. ताईंच्या आवर्ती ठेवीचे दुसरे वर्षही सुरू झाले आहे.